मेश्राम सरांना कुणी अडवलंच नव्हतं

मेश्राम सर आता नागपूरला असतात. अधूनमधून फोन करतात, गुडघ्यांचं रडगाणं गातात, उन्हाला शिव्या घालतात आणि शेवटी न चुकता विचारतात, "काय जी, कपाटांत कसर तर नाही ना लागली?" मी नाही म्हणते. मग ते फोन ठेवतात. ज्या दुपारी मी त्यांना शेवटचं पाहिलं, तिच्याबद्दल आम्ही दोघंही चकार शब्द काढत नाही. ते काढत नाहीत म्हणून मी काढत नाही, आणि मला वाटतं, मी काढत नाही म्हणून ते.

ओहायोतल्या एका विद्यापीठात वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गोळा केलेली रोपं कागदांवर चिकटवून तळघरातल्या लोखंडी कपाटांत ठेवली आहेत, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते रोप कुठे सापडलं, कधी, कुणी उपटलं हे लिहिलेलं आहे. ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. मी पुण्याची, आयटीवाली. झाडांतलं मला तुळस आणि कढीपत्ता एवढंच कळतं. सर तिथले संशोधक. ओहायोतल्याच डब्लिन गावाहून तासभर ड्राइव्ह करून मी पोचायची, तोवर सर भिंग डोळ्याला लावून बसलेले असायचे. त्या तळघरात बहुतेक दिवस आम्ही दोघंच.

तिथले दिवे माणसाच्या हालचालीवर लागतात. कपाटांच्या रांगेतून चालत गेलं की पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो. पहिल्या आठवड्यात मला सारखं वाटायचं की माझ्या मागून कुणीतरी दिवे घालवत येतंय. सर कामाला बसले की दगडासारखे स्थिर. थोड्याच वेळात त्यांच्यावरचा दिवा जायचा. मग अंधारातून आवाज यायचा, "हजर!" हात वर गेलेला असायचा आणि दिवा लागायचा. कधीकधी दोन-तीनदा हजेरी द्यावी लागे. मी नुसतं नाक खाजवलं तरी माझा दिवा लागायचा, ही गंमत माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

नळाचंही तेच. खाली हात धरला की आपोआप पाणी येतं, तसला नळ होता. सरांचा रंग काळाभोर. ते हात धरायचे, हलवायचे, उलटे करायचे आणि नळ ढिम्म. मग मला हाक यायची, "बाई, जरा तुमचा हात द्या जी." मी हात धरायची, पाणी यायचं, त्या धारेत ते हात धुवायचे. "आमच्या गावच्या विहिरीवर असंच होतं," एकदा ते पंच्याला हात पुसत म्हणाले. "दुसऱ्यानं ओतलं तर पाणी." मी हसायला सुरुवात केली होती. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याचं काय करावं मला कळेना.

सर ठेंगणे, रुंद, डोक्यावर आखूड केस. गडद निळा कोट बारा महिने. गळ्याला मफलर, तोही बहुतेक बारा महिने. खांद्याला नागपूरच्या कुठल्याशा कापडदुकानाची पांढरी पिशवी, तिच्यावरची अक्षरं धुऊन धुऊन गेलेली. तिच्यात डबा, एक छोटी खुरपी आणि जुनी वर्तमानपत्रं. माझ्या डब्यातल्या गूळ घातलेल्या भाज्यांना ते "आजाऱ्याचं जेवण" म्हणायचे आणि तरीही संपवायचे.

त्यांचा अभ्यास कसला, तर फुटपाथच्या भेगांत उगवणाऱ्या रोपांचा. भिंतीच्या कडेला, पार्किंगच्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या फटीत कुणी न लावता जे उगवतं ते. "बोलावलं नाही तरी आलेली मंडळी," असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते कॅम्पसभर फिरायचे, उकिडवे बसायचे, भिंतीला नाक लावायचे. हेच काम त्यांचा एक गोरा विद्यार्थीही करायचा, तोही गाड्यांच्या खाली डोकं घालून. त्याला कधी कुणी हटकलं नाही. सरांना मात्र कॅम्पस पोलिसातला एकच माणूस पुन्हा पुन्हा अडवायचा.

सरांनी त्याला नाव दिलं होतं 'पाटील'. गावच्या पोलीस पाटलावरून. उंच, गोरा, पन्नाशीचा, आवाज अगदी मऊ. प्रत्येक वेळी तेच वाक्य, "गुड आफ्टरनून, सर. कॅन आय हेल्प यू फाइंड समथिंग?" मग कार्ड मागायचा, ते घेऊन गाडीत जाऊन बसायचा, वायरलेसवर बोलायचा, कार्ड परत द्यायचा. शब्दात बदल नाही, चेहऱ्यात बदल नाही. सर त्या विद्यापीठात माझ्या कितीतरी आधीपासून होते, आणि पाटील सरांच्याही आधीपासून. तरी दर वेळी तो त्यांना पहिल्यांदाच पाहत असायचा. "हा माणूस चिडला असता तर बरं झालं असतं," सर म्हणायचे. "शिवी दिली असती तरी चाललं असतं. शिवी देणारा निदान लक्षात ठेवते."

मला आधी हे सरांचं खुलवून सांगणं वाटायचं. मग मी ते स्वतः पाहिलं. ऑक्टोबरची चकचकीत दुपार होती. आम्ही दोघं एल्मच्या मोठ्या झाडाखालून पार्किंगकडे निघालो होतो, सर मला माझ्याच कारच्या टायरजवळ उगवलेल्या कुठल्याशा रोपाचं कौतुक सांगत होते. गाडी कधी आली ते कळलंही नाही, इलेक्ट्रिक असावी. पाटील उतरला. "गुड आफ्टरनून, सर," तेच वाक्य. मी माझं कार्ड काढायला लागले, तर माझ्याकडे बघून छान हसला, "ओह, यू आर फाइन, मॅम." सरांची पिशवी मागितली, उघडली, डब्यापर्यंत हात घालून पाहिली, परत दिली. कार्ड घेऊन गाडीत बसला आणि काचेतून आमच्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या डोळ्यांत राग शोधत होते, कुचेष्टा शोधत होते. काहीच नव्हतं. आपण झाडाकडे किंवा भिंतीकडे पाहतो, तसा तो सरांकडे पाहत होता. 

इमारतीच्या दारात रिसेप्शनवर डेलोरेस बसायची. ती कृष्णवर्णीय, तिचं अख्खं आयुष्य त्या गावात गेलेलं. तिला मी घडलेलं सांगितलं तेव्हा तिनं नखं रंगवणं थांबवलंसुद्धा नाही. "तो? त्याला विसरायचा आजार आहे, हनी," ती म्हणाली. "माझ्या मुलाला चार वर्षं रोज विसरला. गोऱ्या लोकांच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं माहीत आहेत त्याला." तिच्या मुलानं तक्रार केली होती का, असं मी विचारलं. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मग नखांवर फुंकर घातली.

सरांनी मात्र तक्रार करायची ठरवली. त्यांना पाटलाची नोकरी घालवायची नव्हती, की कुणाची माफी नको होती. त्यांना एक वाक्य हवं होतं. विद्यापीठानं लिहून द्यावं, की या माणसाला इतक्या वेळा अडवलं आणि त्याच्या रंगापायी अडवलं. "गवताची काडी उपटली तरी आपण लिहितो, कुठे पकडली, कोणी पकडली," सर म्हणाले. "मले पकडते त्याची नोंद कुठेच नाही. काऊन?" 

त्याच सुमारास मी त्यांना डब्लिनला मराठी मंडळाच्या दिवाळीला नेलं. फराळ होता, शाळेच्या हॉलमध्ये गाणी होती. आमचे सबनीस काका, मंडळाचे आधारस्तंभ, प्लेट घेऊन जवळ आले. "मेश्राम म्हणजे मूळचे कुठले आपण?" नागपूरकडचे, सर म्हणाले. "ते झालं हो. पण म्हणजे... कुठले?" सरांनी शांतपणे चकली मोडली आणि गावाचं नाव सांगितलं, वस्तीचंही सांगितलं. काकांचा चेहरा जरासा मिटला आणि लगेच आणखी गोड झाला. मग तक्रारीचं ऐकल्यावर ते म्हणाले, "जाऊ द्या हो. आपण पाहुणे लोक. कशाला नसती ब्याद? आपल्या पोरांची करिअर्स आहेत इथे." परत येताना गाडीत सर म्हणाले, "तुमचे काका चांगले आहेत. पाटलापेक्षा एक प्रश्न जास्त विचारला त्यायनं." मला संताप आला होता, काकांचा आणि त्या चकल्या मीच करून नेल्या होत्या त्याचाही.

तक्रार दिली. काही आठवड्यांनी पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी आणि पाटील, दोघं सरांच्या घरी 'अनौपचारिक बोलणं' करायला गेले. इथे सरांच्या हातून एक चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. त्यांच्या घराचा नियम होता की दारात कुणीही येवो, आधी पाणी. लहानपणी त्यांना लोकांच्या दारात उभं राहून वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं होतं. म्हणून घर झालं तेव्हा त्यांनी ठरवलं, की इथे येणाऱ्याला मी हातात पेला देईन, बसायला खुर्ची देईन, मग तो कुणी का असेना. वकिलानं एखाद्याला सांगितलं असतं की उंबऱ्यावरच बोला. सरांनी दोघांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा केला, कच्चा चिवडा केला. पाटलानं चिवडा दोनदा घेतला. निघताना त्यानं सरांचा हात हातात धरला, निरखून पाहिलं आणि मनापासून विचारलं, "हॅव वुई मेट बिफोर?"

हे सांगताना सरांनी मफलर घट्ट केला. "नाटक नव्हतं जी ते," ते म्हणाले. "नाटक असतं तर मी ओळखलं असतं. त्याच्यात मी नाहीच आहो. मी गेलो का पुसून जातो."

आठवड्यात उत्तर आलं. तक्रारदाराच्या निवासस्थानी मैत्रीपूर्ण वातावरणात चर्चा झाली, तक्रारदारानं आदरातिथ्य केलं, गैरसमज दूर झाला, प्रकरण बंद. वर असंही होतं, की सरांनी सांगितलेल्या एकाही दिवशी त्यांना थांबवल्याची नोंद नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. "पाणी पाजलं म्हणजे मी खोटा?" एवढंच म्हणाले आणि भिंग उचललं. दिवा कधीचा विझला होता. त्यांनी हात वर केला नाही, आणि मलाही उठून जाववेना. आम्ही दोघं तसेच अंधारात बसलो होतो.

प्रकरण पुन्हा उघडायला साक्षीदार लागत होता. मी सरांबरोबर गेले. तक्रार कार्यालयातली बाई तरुण होती, खूप नम्र, प्रत्येक वाक्याआधी "आय हिअर यू" म्हणणारी. तिनं सांगितलं की ऑक्टोबरच्या त्या दुपारचं कॅमेऱ्याचं चित्रण सुदैवानं शिल्लक आहे. माझा जीव भांड्यात पडला. तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवला.

चित्रात लख्ख ऊन होतं आणि एल्मची दाट सावली. सावलीच्या कडेला मी होते, पिवळ्या स्वेटरमध्ये, स्वच्छ दिसत होते. मी चालत होते, हसत होते, मान वळवून बोलत होते. माझ्या बाजूला कुणी नव्हतं. स्वस्त कॅमेरा, गडद सावली, निळा कोट, काळा चेहरा, सगळं एकमेकांत विरघळून गेलं होतं. फक्त पांढरी पिशवी दिसत होती. माझ्या शेजारून, कमरेएवढ्या उंचीवर, ती हवेतून चालत होती. मग ती थांबली. चौकटीच्या कडेनं एक गोरा हात आत आला. पिशवी वर उचलली गेली, उघडली गेली, आपोआप मिटली आणि परत खाली येऊन हवेत लटकली. मी स्क्रीनवर वेड्यासारखी कुणाशी तरी बोलत होते.

"यात डॉक्टर मेश्राम दिसत नाहीत," ती बाई हळुवारपणे म्हणाली.

"ते माझ्या शेजारी होते!" मी जवळजवळ ओरडले.

"आय हिअर यू," ती म्हणाली.

सर खुर्चीत पुढे झुकून स्क्रीन पाहत होते. त्यांनी बोटानं हलकेच त्या पिशवीच्या वर, जिथे त्यांचा चेहरा असायला हवा होता तिथे, स्पर्श केला.  त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

थोड्या दिवसांनी तिनं पुन्हा बोलावून निष्कर्ष हातात दिला, 'पुराव्याअभावी अनिर्णित'. त्यासोबत दोन गोष्टी, दोन्ही सरांच्या सोयीसाठी. एक म्हणजे गळ्यात घालायचा केशरी पट्टा, त्याला मोठं ओळखपत्र. तो घातला की कुणी हटकणार नाही. दुसरी अशी, की पुढे गैरसमज नकोत म्हणून पोलिसांना सूचना दिली आहे, डॉक्टर मेश्राम यांच्याशी कोणताही संपर्क करू नये. सरांनी पट्टा टेबलावरून त्या बाईकडे परत सरकवला. "एके काळी आमच्या माणसाइच्या गळ्यात मडकं बांधत," ते मला मराठीत म्हणाले. "आता दुसऱ्यानं दिलेलं आमच्या घरी कोणी गळ्यात बांधत नाही." मग तिला इंग्रजीत म्हणाले, की थँक यू, हा माझ्या मापाचा नाही.

आमच्या इमारतीत परत आल्यावर डेलोरेसनं सगळं ऐकून घेतलं. "नोंद हवी ना?" ती कडवट हसून म्हणाली. "मग स्वतःच फोन कर, प्रोफेसर. आलेला प्रत्येक कॉल त्यांना लिहावाच लागतो. खारीनं केला तरी." तिनं चेष्टा केली होती. सर हसले नाहीत.

वसंत सुरू झाला होता. एल्मला पानं फुटायची होती, म्हणून त्या जागी सावली नव्हती, उघडं ऊन होतं. दुपार कलल्यावर सर म्हणाले, "चला बाई, जरा उन्हात." आम्ही तिथवर गेलो. तिथे मदतीसाठी निळ्या दिव्याचा खांब आहे. बटण दाबलं की पोलिसांशी बोलता येतं. सरांनी बटण दाबलं.

"मला एका संशयित माणसाची खबर द्यायची आहे," ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले. पलीकडच्या बाईनं वर्णन विचारलं. "काळा. ठेंगणा. साठीचा. गडद कोट, मफलर. बरीच वर्षं इथे फिरतोय, जमिनीत काहीतरी शोधतो."

"आत्ता तो काय करतोय, सर?"

"उभा आहे. तुमची वाट पाहतोय. हे लिहून घ्या, प्लीज."

मी त्यांची बाही ओढली. "सर, चला ना, काय करताय हे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर चेहरा एकदम शांत होता, परीक्षा देऊन आलेल्या माणसासारखा. खिशातून कार्ड काढून त्यांनी हात पुढे धरला.

गाडी आली. पाटील उतरला. मला म्हणाला, "आफ्टरनून, मॅम." मग इकडेतिकडे पाहिलं. झाडामागे गेला, बाकांखाली वाकून पाहिलं, खांबाजवळ आला. सर खांबाला लागूनच उभे होते. "ऑफिसर," ते म्हणाले, "इट इज मी." पाटलाचं कोपर त्यांच्या कार्डाला घासून गेलं. रस्त्यातला खांब चुकवावा तसा तो त्यांना वळसा घालून पुढे गेला आणि खांद्यावरच्या यंत्रात म्हणाला, "निगेटिव्ह. नोबडी हिअर." तो सूचना पाळत होता, मला माहीत होतं. तरी मला भीती वाटली, कारण तो न पाहिल्याचं सोंग करत नव्हता. सोंग करणाऱ्याची नजर कुठेतरी अडखळते. याची अडखळली नाही.

तो गाडीत बसला. गाडी हळूहळू निघाली, आणि सर तिच्या मागे चालायला लागले. रस्त्याच्या मधोमध, कार्ड पुढे धरून, कोट फडफडत. गाडीनं वेग वाढवला नाही. पोरं बाजूनं जात होती, कुणी मान वळवून पाहत नव्हतं. मी दोनदा हाक मारली. ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर गाडी वळली, तिच्या मागे सर वळले, आणि त्यांचा निळा कोट मला शेवटचा दिसला तो तिथे.

मी पळत कोपऱ्यापर्यंत गेले. पुढचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो, झाड नाही, आडोसा नाही. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. गाडी दिसत होती, तिचे लाल दिवे दिसत होते, रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसत होते. मी डोळ्यांवर हात धरला, पुन्हा पुन्हा पाहिलं.

"सर!" मी ओरडले. "सर, कुठे आहात तुम्ही?"

"हा काय जी," अगदी जवळून आवाज आला. "तुमच्या समोरच तर आहो."